घरची गाडी : पिवळा दिवा आणि घरातला स्कॅनर

मैत्रिणींनो, कुकरची शिटी होईनाशी झाली म्हणून आपण लगेच नवा कुकर आणत नाही. वाफेचं भोक बुजलंय का, रबर सैल झालंय का, हे आधी बघतो. गाडीचा पिवळा दिवा लागला आणि कुणी "सेन्सर गेला" म्हटलं, की मात्र आपण मुकाट्यानं पर्स उघडतो.

गंगापूरच्या एका भगिनीची अडचण हीच आहे. २००८ सालची सेकंडहँड पेट्रोल गाडी घेऊन त्या रोज वाळूजला नोकरीला जातात. परतायला अंधार होतो. इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो. एका गॅरेजात सेन्सर बदला म्हणाले, दुसऱ्यात पेट्रोलचा पंप. दोन्ही खर्च ऐकून त्या विचारतात, "तपासायचं यंत्र घरीच घेऊ का? आणि घेतलं तर कोणतं?"

जरूर घ्यावं, पण आधी गाडीची जन्मतारीख पाहावी.

१९८३ साली आलेली मारुती ८०० आधी कार्ब्युरेटरवर चालायची. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि छोट्या गाड्यांतही इंजेक्शन आलं. तेव्हापासून एक छोटा संगणक सेन्सरांकडून हवा, उष्णता यांची खबर घेऊन पेट्रोल मोजून सोडतो. काही बिनसलं की तो दिवा लावतो आणि बिघाडाचा क्रमांक, म्हणजे 'कोड', लक्षात ठेवतो. स्कॅनर तो कोड वाचून दाखवतो.

अडचण भाषेची आहे. सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांनी एकाच पद्धतीनं बोलावं, ही ओबीडी-२ नावाची व्यवस्था अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज ४ चे नियम एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर अशा १३ शहरांत आले आणि सगळ्या देशात एप्रिल २०१७ मध्ये. त्या गाड्यांना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून लागू झालं. त्याआधीच्या बऱ्याच गाड्या फक्त आपल्या कंपनीची भाषा बोलतात. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट दिसतं, यंत्र त्यात नीट बसतंही. पण मोबाईलवर "जोडणी होत नाही" एवढंच उमटतं. यंत्र बिघडलेलं नसतं, गाडीला त्याची बोली कळत नाही.

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात.

पहिला, काडेपेटीएवढा ब्लूटूथचा ठोकळा. सॉकेटात बसवायचा आणि मोबाईलच्या ॲपवर वाचायचं. हा सर्वांत स्वस्त. पण नकला फार, आणि जुन्या गाडीशी जुळेलच असं नाही. आयफोन असेल तर तो त्यावर चालतो ना, हे आधी विचारा.

दुसरा, वायर आणि स्वतःचा छोटा पडदा असलेला हातातला स्कॅनर. किंमत जास्त, पण मोबाईलची कटकट नाही. नवशिक्यांना हा सोयीचा. मात्र खोक्यावरच्या यादीत आपल्या गाडीचं नाव, मॉडेल आणि साल असल्याशिवाय घेऊ नये.

तिसरा, एकाच कंपनीच्या गाड्यांसाठी असलेली खास वायर आणि प्रोग्राम. आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून बांधलेली स्कोडा ऑक्टाव्हिया घरात असेल, तर तिच्यासाठी असं साधन मिळतं. इतरांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

कोणताही घ्या, त्यात तीन गोष्टी हव्यात : कोड वाचणं, कोड पुसणं आणि इंजिन चालू असताना आकडे दाखवणं. ही तिसरी फार उपयोगी. सकाळी थंड गाडीत पाण्याचं तापमान पाहा. ते बाहेरच्या हवेच्या जवळपास असायला हवं. पडद्यावर उणे ४० दिसलं तर? गंगापुरात एवढी थंडी कुठली! बहुधा त्या सेन्सरचा प्लग निसटलाय किंवा वायर तुटली आहे. प्लग नीट दाबून बसवायला पैसे लागत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचं. कोड म्हणजे तक्रार, निदान नाही. थर्मामीटर ताप दाखवतो, मलेरिया की टायफॉईड ते सांगत नाही. पी ०१७१ या कोडचा अर्थ हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, एवढाच. कारण फाटलेली रबरी नळी असेल, दबाव न देणारा पंप असेल, नाहीतर सेन्सर. पंधरा वर्षांवरच्या गाडीत रबर आधी तपासावं; ते सर्वांत स्वस्त असतं.

म्हणून कोड दिसताच पुसू नका. वहीत तारीख, किलोमीटर, कोड आणि गाडी त्या वेळी थंड होती की गरम, हे लिहा. मगच पुसा. तोच कोड पुन्हा आला तर दुखणं खरं. ती वही घेऊन गॅरेजात जा आणि विचारा, "हा भाग खराब आहे हे कशावरून ठरवलंत?" चांगला मेकॅनिक या प्रश्नानं रागावत नाही, मीटर लावून दाखवतो.

काम झालं की ठोकळा काढून ठेवा. गाडी बंद असली तरी त्या सॉकेटात बॅटरीचा प्रवाह असतो. आठवडाभर उभी राहिलेली गाडी मग सुरू होत नाही. आणि दिवा नाही म्हणजे गाडी ठणठणीत, असंही समजू नका. ब्रेक, टायर, पट्टा यांचं दुखणं हा स्कॅनर सांगत नाही.

तर गंगापूरच्या ताई, तुमची गाडी २००८ ची. स्वस्त ठोकळा डोळे झाकून मागवू नका. कुणाचा उसना मिळाला तर लावून पाहा, किंवा परत करता येईल असाच घ्या. जुळला नाही तर तुमच्या मॉडेलचा स्कॅनर असलेल्या गॅरेजात तपासणीचे पैसे द्या आणि कोड कागदावर लिहून मागा. तोवर सेन्सरही नको, पंपही नको. पण गाडी झटके देत असेल, मध्येच बंद पडत असेल, तर अंधारात ती काढूच नका. त्या दिवसांत एसटी बरी.

आणि सर्वांसाठी एक, अगदी फुकटची तपासणी. किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका. पिवळा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. सेकंडहँड गाडी पाहायला जाल तेव्हा हे आधी करा. दिवा मुळीच लागला नाही, तर बल्ब गेलाय की कुणी मुद्दाम काढलाय, हे पैसे देण्यापूर्वी विचारा.