बलुचिस्तान : स्तान आणि स्थान



वर्गात आशियाचा नकाशा लावला की काही नावे लगेच तुमच्या नजरेत भरतात. अफगाणिस्तान, पाकिस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान. एकदा एका मुलाने मला विचारले, "सर, ज्या नावात स्तान असते तो मुसलमानांचा देश ना?" निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. हा गैरसमज फक्त मुलांचा असता तर मी एका वाक्यात तो दूर केला असता. पण मोठी माणसेही असे बोलतात, आणि ते ऐकून तुमच्यापैकी एखाद्याला आपण इथे परके आहोत की काय, असे वाटून जाते. म्हणून आज अशाच एका नावाचा अर्थ पाहू या.

ते नाव म्हणजे बलुचिस्तान. उर्दूत तुम्ही बलोचिस्तान म्हणता, मराठी पुस्तकांत बहुधा बलुचिस्तान छापतात. बलोच हे लोकांचे नाव आणि स्तान हा फारसी प्रत्यय. स्तान म्हणजे जागा. गुलिस्तान म्हणजे फुलांची जागा, रेगिस्तान म्हणजे रेतीची, कब्रस्तान म्हणजे कबरींची. आता मराठीकडे या. देवस्थान, जन्मस्थान, संस्थान हे शब्द तुम्ही वाचले आहेत. संस्कृतातील स्थान आणि फारसीतील स्तान ही सख्खी भावंडे आहेत. एकाने दुसऱ्याकडून उसने काही घेतलेले नाही, दोघांचे मूळ एकाच जुन्या भाषेत आहे. आपले ठाणे शहरही याच घरातले. शिलाहार राजांच्या काळात त्याला श्रीस्थानक म्हणत. तेव्हा बलुचिस्तान म्हणजे बलोचांचे स्थान. इतका साधा अर्थ आहे.

राहिली गोष्ट धर्माची. इराणचा बादशहा पहिला शापूर याने इ. स. २६२ च्या सुमारास नक्श-ए-रुस्तम येथे आपल्या मुलखांची यादी दगडावर कोरवून घेतली. तिच्यात सकस्तान आहे आणि हिंदस्तानही आहे. हिंदस्तान म्हणजे सिंधू नदीकडचा प्रदेश. इस्लामचा उदय त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी झाला. सकस्तान म्हणजे शकांचा देश, आजचे सिस्तान. आपण तारीख लिहिताना शालिवाहन शक म्हणतो ना, त्यातला शक हा शब्दही याच लोकांच्या नावावरून आलेला आहे.

गंमत अशी की शापूरच्या यादीत बलुचिस्तान नाही. तिथल्या किनाऱ्याला त्या काळी मकुरान म्हणत. आज आपण त्याला मकरान म्हणतो. ग्रीक लोक या बाजूच्या वाळवंटाला गेड्रोशिया म्हणत. इ. स. पूर्व ३२५ मध्ये परतीच्या वाटेवर सिकंदराच्या सैन्याचे तिथे पाण्यावाचून फार हाल झाले. त्याच्याही हजारो वर्षे आधी, बोलन खिंडीजवळ मेहरगढ येथे लोक गहू आणि जव पिकवत होते. म्हणजे जमीन जुनी, आणि तिचे आजचे नाव मात्र बरेच अलीकडचे. इ. स. ९८२ मधील हुदूद-अल-आलम या फारसी भूगोलग्रंथात बलोच लोक आढळतात ते इराणमधील किरमानच्या बाजूला. त्यांची भाषा कुर्दीच्या नात्यातली आहे. त्यावरून ते वायव्येकडून सरकत आले असे अभ्यासक मानतात. स्वतः बलोच मात्र आपले मूळ हलब शहराशी जोडतात.

बलोच या शब्दाचा अर्थ काय? कुणी कोंबड्याचा तुरा सांगतो, कुणी मोठी आरोळी. माझ्या मते यातल्या कोणत्याही एका अर्थावर भाषण ठोकू नये. केवळ आवाज जुळतो म्हणून नाते जोडायचे ठरवले, तर उद्या कुणी आपल्या बलुतेदारांनाही बलोच ठरवील!

बलोचांचे स्थान म्हणून तिथे सगळे बलोचच राहतात असे समजू नका. पाकिस्तानच्या बलुचिस्तान प्रांतात पश्तूनांची वस्ती मोठी आहे. ब्राहुई बोलणारेही पुष्कळ आहेत. ही ब्राहुई भाषा कन्नड आणि तमिळ यांच्या कुळातली आहे. कलातचे खान, ज्यांनी बलोच टोळ्यांना एका सत्तेखाली आणले, त्यांचे घराणे ब्राहुईच. उलट कराचीच्या ल्यारी भागात आणि ओमानमध्ये कितीतरी बलोच पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. शिवाय १८७१ पासून इंग्रज अधिकाऱ्यांनी सीमा आखल्या आणि या एका नावाचा मुलूख विभागला गेला. आज पाकिस्तानात क्वेट्टा राजधानी असलेला बलुचिस्तान आहे, इराणमध्ये जाहेदान राजधानी असलेला सिस्तान व बलुचिस्तान आहे, आणि थोडा भाग अफगाणिस्तानात आहे.

मला सर्वात जास्त खटकते ते वेगळेच. याच प्रांतात सुई येथे १९५२ साली नैसर्गिक वायू सापडला. तो दूरदूरच्या शहरांतील चुलींपर्यंत पोहोचला, पण प्रांताची राजधानी क्वेट्टा हिला त्यासाठी १९८० च्या दशकापर्यंत थांबावे लागले. नाव बलोचांचे, जमीन त्यांच्या पायाखालची, आणि तिच्या पोटातील धन आधी दुसरीकडे गेले. तिथल्या लोकांची तक्रार इथूनच सुरू होते, आणि ती समजून घ्यायला कोणताही शब्दकोश पुरा पडत नाही.

त्या दिवशी मी वर्गाला आणखी एक गोष्ट सांगितली. सुईजवळच्या डेरा बुगटी भागात स्वतःला मराठा म्हणवणारे मुसलमान लोक राहतात. १७६१ च्या पानिपतच्या लढाईनंतर आपल्या पूर्वजांना कैद करून इकडे आणले, असे ते सांगतात. मघाचा तोच मुलगा पुन्हा उभा राहिला. "सर, मग ते मराठे की बलोच?" मी म्हटले, "त्यांनाच विचारायला हवे." आमच्या नकाशावर डेरा बुगटी नव्हते. मुलाने क्वेट्टाच्या आग्नेयेला पेन्सिलीने एक टिंब काढले आणि त्याच्याजवळ ते नाव लिहिले, आधी उर्दूत, मग मराठीत.