गाडी बिघडली? आधी वही काढा

"जुनी गाडी घेतली खरी, पण आता गाडीच आम्हाला खायला लागली आहे." हे वाक्य गेल्या वर्षभरात आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांतून आज जुन्या मारुती 800, अल्टो, वॅगन आर उभ्या दिसतात. त्या कोणी मिरवण्यासाठी घेतलेल्या नाहीत. कोणाच्या घरी आजारी वडील आहेत, कोणी खानावळीचे डबे पोचवतो, कोणी पतपेढीचे कर्ज काढून पोटापाण्यासाठी गाडी घेतली आहे. नवी गाडी परवडत नाही म्हणूनच माणूस जुनी घेतो आणि त्याच माणसाला एक चुकीची दुरुस्ती महिनोन्‌महिने मागे ढकलते.

आम्ही काही मिस्त्री नाही. आमचे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. पण जुन्या गाडीचा धडा आम्ही फी भरून शिकलो आहोत. वाचकांना तीच फी पुन्हा भरावी लागू नये, म्हणून या खेपेस हा विषय घेतला आहे.

आक्कांची गाडी

मुलुंडला आमची थोरली बहीण राहते. तिला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला घाटकोपरला यावे लागते. डायलिसिस झाल्यावर अंगात त्राण राहत नाही, रिक्षाचे हादरे सोसत नाहीत. म्हणून दाजींनी 2009 सालची एक मारुती 800 घेतली. भाचा गाडी चालवतो.

2024 च्या उन्हाळ्यात गाडी तापू लागली. मेट्रोच्या कामाने अरुंद झालेल्या लालबहादूर शास्त्री मार्गावर गर्दीत अडकली की काटा वर चढे आणि बॉनेटमधून वाफ येई. एका मोठ्या गॅरेजचे नाव आम्हीच सुचवले. तिथे पहिल्या खेपेस रेडिएटर बदलला. गाडी पुन्हा तापली. दुसऱ्या खेपेस थर्मोस्टॅट काढून टाकला. तरी तापली. तिसऱ्या खेपेस उत्तर मिळाले, "इंजिनाचे काम करावे लागेल, चाळीस हजार धरून चला." त्याच सुमारास एकदा गाडी भांडुपला बंद पडली आणि आक्काचा त्या दिवसाचा डायलिसिस चुकला. रात्री तिला धाप लागली. ती रात्र आम्ही विसरलेलो नाही.

दाजी म्हणाले, "आता भंगारात घालू या." भाचा म्हणाला, "मामा, एकदा दुसऱ्या कोणाला तरी दाखवू." आम्ही त्याला घाटकोपरच्या एका गल्लीतील वयस्कर मिस्त्रींकडे घेऊन गेलो. त्यांची उमेद पद्मिनी टॅक्सी दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. विचारले, "तापते, ते केव्हा तापते? चालताना की उभी असताना?"

तीन वेळा पैसे मोजले, पण हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. आम्हीही कोणाला आपणहून सांगितले नव्हते.

पद्मिनीची शाळा

या मिस्त्रींसारखी माणसे जिथे तयार झाली ती शाळा मुंबईचीच. फियाट म्हणून आलेली आणि 1970 च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झालेली ती गाडी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात बनत असे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या.

जुन्या वाचकांना एक दृश्य आठवत असेल. मे महिन्याची दुपार, टॅक्सी सिग्नलला बंद पडलेली आणि ड्रायव्हर पेट्रोल पंपावर (म्हणजे इंजिनाला जोडलेल्या छोट्या पंपावर) ओले फडके ठेवतो आहे. लोकांना तो तोडगा वाटे. पण त्यामागे शास्त्र होते. उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ पंपाला पुढे ढकलता येत नाही. पंप थंड झाला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते व गाडी सुरू होते. ड्रायव्हरने काही बदलले नाही, काही विकत आणले नाही. गाडी भर उन्हात, गर्दीत बंद पडते आणि थंड झाल्यावर चालते, एवढे त्याने ओळखले होते. बिघाड 'केव्हा' होतो हे कळले की 'कशाने' होतो याच्या जवळ माणूस पोहोचतो.

आमच्या कचेरीतही तेच. तेरीज जुळली नाही तर नवी खातेवही कोणी आणत नाही. फरक कोणत्या तारखेपासून पडला ते पाहतात, बेरजा तपासतात. गाडीलाही हाच नियम लावावा.

केव्हा तापते?

गाडी उभी असताना किंवा गर्दीत तापते आणि मोकळ्या हायवेवर धावताना काटा खाली येतो, तर आधी रेडिएटरचा पंखा पाहावा. धावताना वारा आपोआप लागतो, उभी असताना पंख्यावाचून वारा नाही. उलट वेगात किंवा चढावर तापत असेल, तर पाणी कमी असणे, रेडिएटर आतून चोंदणे, पाण्याचा पंप किंवा हेड गॅस्केट यांचा संशय घ्यावा. पाणी वरचेवर कमी होते, पण खाली थेंबही दिसत नाही आणि मागून सतत पांढरा धूर येतो, तर हेड गॅस्केट गेले असण्याची शक्यता मोठी.

गाडी तापलेली असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडून माणसे भाजतात. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. लाल तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. नेहमीसाठी नळाचे पाणी न भरता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरावे, म्हणजे आत गंज व क्षार धरत नाहीत.

सकाळी सुरू होत नाही

चावी फिरवल्यावर नुसता 'टक' आवाज येतो आणि दिवे मंद होतात, तर बॅटरी अगर तिच्या टोकांची जोडणी पाहावी. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर जोडणी सोडवून गरम पाण्याने धुवावी, कोरडी करून घट्ट बसवावी आणि वर थोडे व्हॅसलीन लावावे. आपल्या दमट, खाऱ्या हवेत हे नेहमीचे दुखणे आहे. साधा मीटर असेल तर इंजिन बंद असताना चांगली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना आकडा 14 च्या आसपास जातो. इंजिन चालू असूनही तो 13 च्या खालीच राहत असेल, तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, दोष चार्जिंगमध्ये आहे.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर पेट्रोल येत नाही अगर ठिणगी पडत नाही. इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन करताच मागून पेट्रोल पंपाची दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते. ती नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहा. फ्यूज काही रुपयांचा असतो, पंप काही हजारांचा.

धुराचा रंग

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते. पहिल्यांदा एअर फिल्टर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिनाचे ऑइल जळते. हा धूर फक्त सकाळी सुरू करताना दिसून नंतर थांबत असेल, तर बहुधा वॉल्व्हची सीले गेलेली असतात. ॲक्सिलरेटर दाबला की प्रत्येक वेळी येत असेल, तर रिंगांचे मोठे काम निघू शकते. या दोन खर्चांत फार अंतर आहे. म्हणून मिस्त्रींना नुसते "धूर येतो" म्हणू नये, केव्हा व कोणत्या रंगाचा येतो तेही सांगावे. थंड सकाळी येणारी थोडी पांढरी वाफ हा बिघाड नव्हे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र वाट पाहू नये. पेडल मऊ लागते, खाली जाते किंवा ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते, तर त्याच दिवशी दाखवावे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे.

पाऊस आणि पेट्रोल

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या वेळी उपनगरांत असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीला अनेकांनी घाईने सेल्फ मारला आणि इंजिने गमावली. इंजिनात शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. अंधेरी सबवेत आजही पाणी भरते. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सुरू करू नये, ढकलून बाहेर काढावी. बॅटरी सोडवावी, एअर फिल्टर ओला आहे का पाहावे, ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर गाडी टो करून न्यावी.

दुसरी नवी गोष्ट पेट्रोलची. 2025 पर्यंत देशभर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप व सीले त्यासाठी बनवलेली नव्हती. म्हणून जुन्या गाडीचे पेट्रोलचे पाइप वर्षातून एकदा तरी हात लावून तपासावेत. मऊ, फुगलेले किंवा चिरलेले दिसले तर बदलावेत. सकाळी गाडीपाशी पेट्रोलचा वास आला तर ती सुरू न करता आधी गळती शोधावी. सीएनजी असेल तर सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करून घेणे सक्तीचे आहे, ते टाळू नये.

शेवटी काय निघाले

भाच्याने मिस्त्रींना सांगितले, "उभी असली की तापते, हायवेला नाही तापत." मिस्त्रींनी बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याला लावल्या. पंखा गरगर फिरला. म्हणजे पंखा चांगला होता, त्याच्यापर्यंत वीज पोचत नव्हती. फ्यूज ठीक, रिले ठीक. शेवटी पंख्याची अर्थिंगची वायर जिथे बॉडीला जोडली होती तिथे गंज निघाला. त्यांनी ती जागा पॉलिश पेपरने घासली, नवी वायर घट्ट बसवली आणि दोनशे रुपये घेतले. गाडी अर्धा तास उभी ठेवून चालवली. काटा मधोमध राहिला, पंखा आपोआप सुरू झाला, आपोआप थांबला.

एक गोष्ट राहिली होती. दाजी पेट्रोलचे लिटर आणि किलोमीटर एका वहीत लिहितात. वही चाळताना आमच्या लक्षात आले की थर्मोस्टॅट काढल्यापासून ॲव्हरेज 18 वरून 14 वर आले आहे. मिस्त्री म्हणाले, "थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट गरम होत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटते, अजून थंडच आहे, मग तो जास्त पेट्रोल सोडतो." नवा थर्मोस्टॅट बसवला, ॲव्हरेज पुन्हा जागेवर आले. पहिल्या गॅरेजला दिलेले पैसे मात्र परत आले नाहीत. त्यात आमचाही दोष होता. आम्ही मोठी पाटी पाहून नाव सुचवले आणि एकही प्रश्न न विचारता बिले भरू दिली.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक दोन आण्यांची म्हणावी अशी साधी वही ठेवा. बिघाड केव्हा झाला, गाडी थंड होती की गरम, चालत होती की उभी, पाऊस होता की ऊन, ते लिहा. पेट्रोल आणि किलोमीटर लिहा. मिस्त्रींना "अमुक बदला" असे सांगू नका, लक्षण सांगा आणि "आधी तपासा, मग बदला" असे नम्रपणे म्हणा. एका वेळी एकच वस्तू बदलू द्या, नाही तर गुण कशाने आला ते कळत नाही. खर्चाचा अंदाज लिहून घ्या, काढलेला जुना पार्ट मागून घ्या. चांगल्या मिस्त्रींना याचा राग येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आणि हिशेब उलट दिशेनेही मांडावा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या खेपेस 15 वर्षांची असते, पुढे आरटीओत तपासणी करून ती 5-5 वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. खालचा पत्रा व चासी गंजून पोकळ झाली असेल, तर मोह सोडावा. तशी गाडी जिवाला धोका आहे.

आक्कांच्या गाडीचा पत्रा शाबूत होता. वडाळ्याच्या आरटीओत तपासणी होऊन तिला पुढची पाच वर्षे मिळाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार ती मुलुंडहून निघते. भाचा गर्दीत काट्याकडे पाहतो आणि आक्का मागच्या सीटवर डोळे मिटून पडते. त्यानंतर तिचा एकही डायलिसिस गाडीपायी चुकलेला नाही.