'यी यी' : काहीच घडत नाही म्हणणाऱ्यांसाठी

एडवर्ड यांग या तैवानी दिग्दर्शकाचा 'यी यी' हा चित्रपट २००० सालचा. त्या वर्षी कान महोत्सवात यांगना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. २०१६ साली बीबीसीने जगभरच्या समीक्षकांकडून एकविसाव्या शतकातल्या चित्रपटांची यादी करून घेतली, तीत हा आठवा आला. तरीही ज्याला ज्याला हा चित्रपट पाहायला सांगावा, त्यातले निम्मे लोक परत येऊन एकच म्हणतात, "अहो, तीन तास बसलो, पण घडलं काहीच नाही!"

२००४ पासून इफ्फी पणजीला आल्यामुळे आपण गोंयकार परदेशी सिनेमाला बिचकत नाही. संथ सिनेमा म्हणजे काय, हेही आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे ही तक्रार अडाणीपणाची म्हणून झटकून टाकणं बरोबर नाही. तिला उत्तर द्यायला हवं.

मुळात काहीच घडत नाही, हे खरं नाही. तायपेमधलं एक मध्यमवर्गीय कुटुंब. सुरुवातीला लग्न, मध्ये बारसं, शेवटी अंत्यविधी. लग्नाच्याच दिवशी आजी कोसळते आणि बेशुद्धावस्थेत घरी आणली जाते. नात टिंग-टिंग कचऱ्याची पिशवी खाली न्यायला विसरली होती. ती न्यायला आजी गेली आणि पडली, असं त्या पोरीला वाटतं. ते ओझं ती एकटीच वाहते, रात्र रात्र तिला झोप येत नाही. बाप एनजे संगणकाच्या धंद्यात, कंपनी डबघाईला आलेली. त्याची तीस वर्षांपूर्वीची प्रेयसी त्याच लग्नाच्या दिवशी अचानक समोर उभी राहते. पुढे शेजारच्या घरावरून एक खूनही होतो. एवढं सगळं आपल्याकडच्या एखाद्या मालिकेला दोन वर्षं पुरलं असतं!

मग घडत नाही असं का वाटतं? कारण यांग कॅमेरा दूर ठेवतात. माणूस रडू लागला की ते त्याच्या तोंडावर जात नाहीत. मिन-मिन, म्हणजे घरातली आई, रात्री ऑफिसात एकटी उभी असते, तेव्हा आपल्याला काच दिसते आणि त्या काचेत शहराचे दिवे. कोणी सांगत नाही की आता रडा.

डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की आजीशी बोलत राहा, त्याने फरक पडेल. मग घरातला प्रत्येक जण पाळीपाळीने खाटेशी बसतो आणि तिथेच सगळ्यांची पंचाईत होते. मिन-मिन एक दिवस नवऱ्यापुढे ढसाढसा रडते. रोज आईला तेच ते सांगतेय, सकाळी काय केलं, संध्याकाळी काय केलं, आणि ते काही मिनिटांत संपतं, हे तिच्या लक्षात आलेलं असतं. आपलं आयुष्य एवढंच? यावर एनजे काय सुचवतो, तर नर्सला सांगू या, ती वर्तमानपत्र वाचून दाखवेल. तो दुष्ट नाही, चांगला माणूस आहे. त्याला दुसरं काही सुचत नाही, एवढंच.

मंडळी, हे तायपेचं आहे हे खरं, पण यात परकं काय आहे? आपल्या घरांतून अंथरुणाला खिळलेली आजी असते. मुलगा आखातात, नात पोर्तुगालात. फोन स्पीकरवर टाकून कानाशी धरला जातो. जेवलीस? औषध घेतलंस? बरं. पुढचं वाक्य कोणालाच सुचत नाही. माझ्यासारख्या कारकुनाला तर ही भाषा अंगवळणीच पडलेली. दिवसभर फायलींवर तेच शेरे मारायचे आणि घरी येऊन माणसांशीही तसंच बोलायचं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. ती अशी की शेवटी काहीच बरं होत नाही. मिन-मिन मनःशांतीसाठी डोंगरावरच्या मठात जाते आणि परत येऊन सांगते, तिथेही तेच होतं, फक्त मी आजीच्या जागी होते आणि बाकीचे मला ऐकवत होते. एनजे जपानमध्ये जुन्या प्रेयसीला भेटतो आणि तारुण्य पुन्हा मिळालं तरी वेगळं काही घडलं नसतं, या निष्कर्षाला येतो. मग मिळवलं काय?

माझं मत असं की यांगना हेच सांगायचं आहे. जखम भरून काढायला लांब जावं लागतं, या समजुतीला त्यांनी नम्रपणे नकार दिला आहे. नवरा-बायको दोघंही जातात, परत येतात आणि पहिल्यांदाच एकमेकांना खरं ते सांगतात. तेवढाच फरक पडतो, आणि तो फार मोठा आहे. मात्र मिन-मिनला चित्रपटातून इतका वेळ बाहेर ठेवणं मलाही खटकतं. त्या मठातली ती आपल्याला थोडी तरी दिसायला हवी होती.

आठ वर्षांचा यांग-यांग आजीशी बोलायला साफ नकार देतो. तो माणसांच्या डोक्यांच्या मागच्या बाजूचे फोटो काढत फिरतो, कारण ती बाजू त्यांना स्वतःला दिसत नाही. अंत्यविधीला तो वहीतून वाचतो, तेव्हा कळतं की पोराला बोलायचं नव्हतं असं नाही. आजीला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगण्यात काय अर्थ, असं त्याला वाटत होतं. घरातल्या मोठ्यांना जे तीन तास उमगत नाही, ते त्याला आधीपासून ठाऊक असतं.

यांग २००७ साली गेले. 'यी यी' हा त्यांनी पुरा केलेला शेवटचा चित्रपट. तो सलग एका बैठकीत बघा, तुकड्या-तुकड्यांनी नको. घरात वडीलधारं माणूस असेल तर त्यांनाही जवळ बसवा. भाषा कळली नाही तरी चालेल. मध्येच त्यांनी काही विचारलं तर चित्रपट थांबवा आणि उत्तर द्या.