ॲप नको, पॅनेल द्या!

मालवणात रेल्वे नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती आमच्या किनाऱ्याला बगल देऊन, कणकवली-कुडाळवरून. मग काय, कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून डोक्यात शिरलेलं वेड मी घरच्या माळ्यावर मांडलं. एचओ स्केल, म्हणजे १:८७. मधे सिंधुदुर्ग स्टेशन, मागे रंगवलेला सह्याद्री. म्हणजे बघणारा समुद्राच्या बाजूने बघतो. डावीकडे कणकवली, उजवीकडे कुडाळ.

आणि येणारा प्रत्येक मित्र विचारतो, "तू आयटीवाला ना? मग मोबाईलवर का नाही चालवत?"

चालवत होतो हो! पॉइंट बदलायला स्वतः ॲप लिहिलं होतं. एका पावसाळी संध्याकाळी लाईट गेली, आली. ॲप उठलं आणि 'सगळे पॉइंट मेन लाईनला' असं समजून बसलं. पॉइंट मात्र होते तिथेच, लूपवर. लूपवर मालगाडी उभी. पुढचं सांगायला नको... इंजिन थेट लादीवर. बग माझाच, मान्य. पण ज्या पडद्यावर खोटं चित्र दिसू शकतं, त्यावर गाडी सोडायचीच कशाला?

आता स्लो मोटर आणि साधे सहा पायांचे टॉगल लावलेत. टॉगलची दांडी जिकडे, पॉइंट तिकडे. लाईट जाऊन आली तरी दांडी हलत नाही! आम्ही ऑफिसात ज्या 'स्टेट'साठी रात्री जागवतो, ती इथे बोटाला लागते.

दुसरं म्हणजे पाहुणे. शेजारचे काका माझा फोन हातात घेऊन दर वेळी विचारायचे, "खंय दाबू रे झिला?" पॅनेलवर रुळांचा नकाशा रंगवलाय, आणि ज्या फाट्याचा टॉगल तो त्याच फाट्यावर बसवलाय. काकांनी तेव्हापासून काही विचारलेलं नाही.

यावर हुशार मंडळी म्हणतील, खऱ्या स्टेशनांवरही आता मॉनिटर आणि माऊस आलाय. आलाय ना. पण तिथे शिकलेला स्टेशन मास्तर बसतो आणि मागे इंटरलॉकिंग असतं. माझ्या माळ्यावर दोन्ही नाही.

फेशियाबद्दलही थोडं बोलतो, कारण पुढची ही दर्शनी फळी लोक शेवटी उरल्यासुरल्या तुकड्यांतून ठोकतात. परदेशी व्हिडिओ बघून मी एमडीएफ वापरलं. पहिल्याच पावसाळ्यात ते खालून पावासारखं फुगलं, आणि पॅनेल वाकडं झालं. किनाऱ्यावर राहत असाल तर मरीन प्लाय घ्या, कडाही रंगवा, आणि टॉगल सीलबंद घ्या. खाऱ्या हवेने उघड्या तांब्यावर हिरवं चढतं. पॅनेल फळीत दोन बोटं आत बसवा, नाहीतर बघणाऱ्याचं पोट टॉगलला लागतं (होय, काकांचंच). आणि खालच्या कडेला बिजागरी लावा. पॅनेल पुढे पाडलं की सगळं वायरिंग समोर. टेबलाखाली आडवं पडून, तोंडात टॉर्च धरून सोल्डरिंग करणं म्हणजे छंद नव्हे.

ॲपचा कोड अजून आहे. हवा असेल त्याने मेल टाका, फुकट देतो. मोडलेलं इंजिन मात्र मिळणार नाही. ते पॅनेलच्या वरच शोभेला ठेवलंय.