इंजिनाला ताप येतो तेव्हा



पोराच्या कपाळाला हात लावला की आईला ताप समजतो. इंजिनाचा ताप मात्र आपण समोरच्या लहानशा काट्यावरून ओळखतो आणि काटा मध्यावर दिसला की निर्धास्त होतो. या निर्धास्तपणाने एका घराची काय गत झाली, ते आधी सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीतले एक शेतकरी पिकअपमध्ये कांदा भरून धारूरचा घाट चढत होते. दुपारची वेळ, गाडी टर्बोची, ओझे भरपूर. वाटेत रेडिएटरची रबरी नळी फाटली आणि पाणी वाहून गेले. काटा वर गेलाच नाही, उलट थोडा खाली आला. "गाडी गार चालली आहे," असे समजून ते चालवत राहिले. घाटमाथ्यावर इंजिन धूर ओकत बंद पडले. हेड वाकले, गॅस्केट उडाले. कांद्याची सगळी पट्टी दुरुस्तीत गेली, आणि मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी हातउसने घ्यावे लागले.

काटा खोटे का बोलला? गाडीचा मूळ तापमापक पाण्यात बुडालेला असतो आणि तो पाण्याचा ताप सांगतो. पाणीच संपले की तो नुसत्या हवेत किंवा वाफेत राहतो. धातू भाजत असतो, पण काट्याला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून ताप पाण्याबरोबर धातूचाही मोजला पाहिजे. त्यासाठीचे साधन काही शे रुपयांत घरी बसवता येते.

आता टर्बो म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र इंजिनात जादा हवा दाबून भरते. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते आणि तेवढ्याच इंजिनातून ताकद जास्त मिळते. पण ताकदीबरोबर उष्णताही वाढते. घाटात ओझे ओढताना हा सगळा भार रेडिएटरवर येतो.

लागणारे सामान. 12 व्होल्टवर चालणारी, आकडे दाखवणारी तापनियंत्रक पट्टी बाजारात 'डब्ल्यू 1209' या नावाने मिळते. अंड्यांच्या उबवणी यंत्रात ती अनेकांनी पाहिली असेल. ती 110 अंश सेल्सियसपर्यंत मोजते. तिच्याबरोबर पोलादी टोकाची संवेदक वायर येते. ही वायर साध्या प्लॅस्टिकची असेल तर इंजिनाजवळ मऊ पडते. म्हणून त्याच 10 किलोओहम जातीची, उष्णता सोसणाऱ्या आवरणाची वायर मागून घ्यावी. याशिवाय 1 ॲम्पियरचा फ्यूज, एक डायोड, 12 व्होल्टचा बझर आणि एक प्लॅस्टिकची डबी लागते.

जोडणी. किल्ली फिरवल्यावरच वीज येते अशा तारेतून वीज घ्यावी. आधी फ्यूज, मग डायोड आणि मग पट्टीचे धन टोक. ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला. फ्यूजनंतरचीच एक तार पट्टीवरच्या रिलेतून बझरला द्यावी. घरात आय.टी.आय. शिकणारे पोर असेल तर त्याचे हे एका दुपारचे काम आहे; नसेल तर गावातला रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणारा करून देईल. गाडीच्या मूळ तापमापकाची तार मात्र कापू नये. हल्लीच्या गाड्यांचा संगणक तिच्यावरच चालतो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्यावे.

टोक कोठे बसवावे? इंजिनाच्या हेडमधून गरम पाणी ज्या धातूच्या तोटीतून बाहेर पडते, तिच्या अंगाला, हेडच्या शक्य तितके जवळ, पोलादी टोक घट्ट टेकवावे आणि धातूच्या पट्ट्याने आवळावे. चिकटपट्टी टिकत नाही. हेडचा कोणताही बोल्ट सैल करू नये, नळीला भोक पाडू नये. वायर पंख्याचा पट्टा, धुराडे आणि टर्बो यांपासून लांबून आणावी. ही तोटी हेडला बसवलेली असते; म्हणून पाणी गेले तरी हेडची उष्णता धातूतून तिथपर्यंत येते.

पारख. बसवण्यापूर्वी यंत्राची चुलीवर परीक्षा घ्या. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी यांच्या मिश्रणात टोक बुडवले तर आकडा शून्याजवळ यावा. खळखळ उकळत्या पाण्यात 98 च्या आसपास यावा. बालाघाटाच्या उंचीवर पाणी 100 च्या थोडे आधीच उकळते. दोन-तीन अंशांचा फरक चालेल. जास्त असेल तर संवेदक बदलावा.

आपल्या गाडीचा आकडा ओळखा. बाहेरून मोजलेला ताप आतल्या पाण्यापेक्षा काही अंश कमीच दिसणार. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या कामाचा नाही. आठ दिवस वहीत लिहा: सपाट रस्ता किती, ओझ्यासह चढण किती, दुपारी किती. समजा, चढणीला सर्वांत जास्त 86 दिसले, तर बझर 94 ला वाजेल असे ठेवा. पट्टीची 'पी 0' ही खूण 'सी' वर असावी, म्हणजे ताप वाढल्यावर बझर वाजतो.

बझर वाजला तर? एसी बंद करा, वेग कमी करा, जागा पाहून गाडी बाजूला घ्या. बॉनेट उघडून पाहा. पाणी गळत असेल किंवा पट्टा तुटला असेल तर इंजिन तात्काळ बंद करा. तसे काही नसेल तर दोन मिनिटे हळू चालू ठेवून मग बंद करा. रेडिएटरचे झाकण निदान अर्धा तास उघडू नका. आत दाबाखालचे पाणी असते, ते तोंडावर उडते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे यंत्र टर्बोचा ताप मोजत नाही. टर्बोपाशी वायूचा ताप कित्येक शे अंश असतो आणि तेथे हे टोक जळून जाईल. त्यासाठी वेगळ्या जातीचा संवेदक लागतो आणि धुराड्याला भोक पाडावे लागते. आत पडलेला लोखंडाचा एक कीस टर्बोची पाती मोडतो, तेव्हा त्या फंदात घरी पडू नये. टर्बोसाठी एकच साधी सवय पुरे: घाट चढून आल्यावर किल्ली लगेच बंद करू नका. टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. इंजिन थांबले की तेलाचा पुरवठा थांबतो आणि तापल्या धातूत उरलेले तेल जळून कोळसा होते. एक-दोन मिनिटे गाडी जागेवर चालू ठेवा.

शेवटी, ताप येण्याची कारणे बहुधा आपल्याच हातची असतात. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतले की हंड्यात धरतो तसा क्षार आत धरतो. त्याऐवजी पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच वापरा. मळणीच्या दिवसांत जाळीत अडकलेला भुसा धुऊन काढा. रबरी नळी दाबून पाहा. ती कडक झाली किंवा भेगाळली असेल तर बदला. त्या कांद्याच्या गाडीची नळी आधीच भेगाळलेली होती, हे नंतर उघड झाले.

त्या घरी आता डबी बसली आहे. गाडी परत आली की आकडे वहीत उतरवण्याचे काम त्यांच्या मुलीने आपणहून घेतले आहे. आपल्याही घरी अशी एक वही सुरू व्हावी, एवढीच विनंती.