छिद्राचा आकार नको, हाडाचा हिशेब सांगा

खांदा वारंवार निखळतो म्हटलं की हल्ली एकच सल्ला मिळतो : दुर्बिणीतून करून टाका. दोन-तीन छिद्रं, दुसऱ्या दिवशी घरी. सल्ला खोटा नाही. सरसकट दिला की मात्र महागात पडतो.

दुसऱ्या टोकाला मालीशवाले आहेत. ‘दंड कमवा, खांदा बसेल.’ स्वीडनमध्ये होवेलियस यांनी तरुण रुग्णांचा २५ वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ऑपरेशनविना ठेवलेले जवळपास निम्मे खांदे पुन्हा निखळले नव्हते किंवा कालांतराने स्थिर झाले होते. म्हणजे पहिल्याच वेळी टेबलावर घेण्याची घाई नकोच. पण कबड्डीत चौथ्यांदा खांदा उतरलेल्या पोराचा हात आडवा उचलून बाहेर वळवून पाहा. दुखायच्या आधीच तो डॉक्टरांचं मनगट धरतो. खोबणीच्या काठावरून सुटलेली कूर्चा डंबेलने जागेवर येत नाही. लंडनच्या बँकार्ट यांनी १९२३ सालीच या इजेवर बोट ठेवलं होतं.

ती कूर्चा अँकर आणि टाक्यांनी पुन्हा काठाला बांधायची, हे दुर्बिणीचं काम. पण काठ तरी हवा ना! लिंबू-चमच्याच्या शर्यतीत चमच्याची कडाच मोडलेली असेल तर लिंबू किती वेळ टिकेल? प्रत्येक वेळी खांदा निखळताना खोबणीचा पुढचा काठ झिजू शकतो, आणि दंडाच्या गोळ्याला मागून खाच पडते. बर्कहार्ट आणि डी बीर यांनी २००० साली दुर्बिणीतून शिवलेल्या १९४ खांद्यांचा हिशेब मांडला. हाड शाबूत होतं तिथे ४ टक्के खांदे पुन्हा बिघडले. हाड बरंच गेलं होतं तिथे ६७ टक्के. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांतल्या खेळाडूंत हेच आकडे ६.५ आणि ८९ होते. सर्जन तेच, दुर्बीण तीच.

‘ते जुनं झालं, आता तंत्र सुधारलंय,’ असं कोणी म्हणेल. मान्य. गोळ्याची खाच आता दुर्बिणीतूनच मागच्या स्नायूबंधाने भरता येते. पण खोबणीचं गेलेलं हाड टाक्याने कसं परत येणार? तिथे लातार्जे यांची १९५४ सालची युक्ती लागते : शेजारच्या कोरॅकॉइड हाडाचा तुकडा स्नायूबंधासकट काठावर स्क्रूने बसवायचा. ही शस्त्रक्रिया मोठी, नसांना धोका अधिक, म्हणून तीही ऊठसूट नको. हाड शाबूत असलेल्याला दुर्बीणच उत्तम, हे माझंही मत.

तेव्हा संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा : सीटी स्कॅनमध्ये काठाचं किती टक्के हाड गेलेलं दिसतं? पट्टा किती आठवडे? मैदानात कधी? सहा महिन्यांच्या आत कबड्डीला परवानगी देणाऱ्यावर जरा संशयच घ्या. आणि पहिल्या प्रश्नाला ‘त्याची गरज नाही’ असं उत्तर आलं, तर फाइल उचला आणि दुसरं मत घ्या.