‘शुगर-फ्री’ आहे ना... मग चार घ्या!

सोमवारी डाएट सुरू, मंगळवारी कुणाचा तरी बर्थ-डे. ऑफिसमधला हा फंडा आता सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. सकाळी ग्रीन टी, दुपारी डब्यात काकडी-टोमॅटो, आणि बरोब्बर चार वाजता कुणीतरी डेस्कपाशी मिठाईचा डबा उघडून उभं. ‘घे ना बे एक पीस, काय होते?’ नागपुरात या प्रश्नाला ‘नको’ हे उत्तर चालतच नाही. ‘डाएटवर आहे’ असं सांगितलं, तर समोरच्याकडे हुकमाचा एक्का तयार असतो. ‘अरे, ही शुगर-फ्री आहे!’ झालं! एका पीसला घाबरणारा हात मग चौथ्या पीसपर्यंत बिनधास्त जातो.

गोड आणि वजन यांच्यातली खरी गोची नेमकी इथे आहे. साध्या बर्फीचा एक तुकडा आपण अपराधी चेहऱ्याने खातो. शुगर-फ्रीचे चार मात्र हसत हसत खातो, आणि हिशेब कुणीच करत नाही. चला, आज तो करून टाकू. घाबरू नका, शेवटी गोड खायची परवानगी आहे!

जिलेबीला बोर्ड लागला तेव्हा...

जुलै २०२५ आठवतोय? नागपूर तेव्हा देशभर गाजलं होतं, आणि तेही समोसा-जिलेबीमुळे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २१ जून २०२५ला सगळ्या मंत्रालयांना आणि विभागांना एक पत्र पाठवलं. ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये, लॉबीत, मीटिंग रूममध्ये ‘तेल आणि साखर बोर्ड’ लावा, म्हणजे रोजच्या पदार्थांत किती तेल आणि किती साखर लपलेली असते ते लोकांना कळेल, असं त्यात सुचवलं होतं. मग बातम्या आल्या, की आपल्या मिहानमधल्या एम्समध्येही असे बोर्ड लागणार. बस्स! सिगरेटच्या पाकिटावर असतो तसा इशारा आता जिलेबीवर छापणार, अशी चर्चा टीव्हीपासून टपरीपर्यंत रंगली. शेवटी १५ जुलैला सरकारने खुलासा केला. कुठल्याही विक्रेत्याच्या पदार्थावर इशारा छापायला सांगितलेलं नाही, भारतीय पदार्थांना टार्गेटही केलेलं नाही, हे बोर्ड फक्त माहितीसाठी आहेत.

जोक्स भरपूर झाले. पण बोर्डामागचं कारण जोकचं नव्हतं. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना डायबिटीस आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातले सगळे काही आजी-आजोबा नाहीत, बॉस! दिवसाचे नऊ तास खुर्चीत, येता-जाता बाइक आणि रात्री अकराला ऑनलाइन ऑर्डर, असं टाइमटेबल असलेली आपली जनरेशनही या रांगेत आहे. शिवाय आपल्यासारख्या दक्षिण आशियाई शरीरांत कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साठते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३च्या वर गेला की वजन जास्त धरतात. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी ही रेषा साडेसहासष्ट किलोच्या आसपास येते. वाचून धक्का बसला ना? बसू दे.

काजू कतलीचं गणित

आता मुद्द्याचं बोलू. एक ग्रॅम साखर म्हणजे ४ कॅलरीज. एक ग्रॅम फॅट म्हणजे ९. हे दोन आकडे लक्षात ठेवलेत, की मिठाईच्या दुकानात तुम्हाला कुणी गंडवू शकत नाही.

घरी काजू कतली करतोय असं समजा. १०० ग्रॅम काजू आणि ७० ग्रॅम साखर. काजूच्या साधारण साडेपाचशे कॅलरीज, साखरेच्या २८०. एकूण १७० ग्रॅमचे दहा-दहा ग्रॅमचे १७ तुकडे झाले, तर एका तुकड्यात सुमारे ५० कॅलरीज. आता साखर पूर्ण काढून टाका आणि गोडीसाठी चिमूटभर स्वीटनर घाला. साखरेच्या २८० गेल्या, टाळ्या! पण काजूचे साडेपाचशे जागेवरच आहेत, आणि मिश्रण उरलंय १०० ग्रॅम. त्याचे दहाच तुकडे पडतील. मग एका तुकड्यात किती? ५५!

म्हणजे तेवढ्याच वजनाचा शुगर-फ्री तुकडा कॅलरीजमध्ये साध्या तुकड्यापेक्षा थोडा वरच निघाला. खव्याच्या, बदामाच्या, तुपातल्या मिठाईचंही थोड्याफार फरकाने हेच. दुकानातल्या कतलीत वजन भरायला आणखी काही घातलेलं असतं, त्यामुळे आकडे इकडे-तिकडे होतील. पण तत्त्व तेच. ‘शुगर-फ्री’ म्हणजे साखर नाही. ‘कॅलरी-फ्री’ असं त्या डब्यावर कुणी लिहिलेलंच नसतं, ते आपण मनात वाचतो.

डायबिटीस असलेल्यांसाठी साखर नसण्याला अर्थ आहे, तो आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचा. पण फक्त वजनासाठी शुगर-फ्री घेत असाल, तर डब्याच्या पुढच्या बाजूकडे नाही, मागच्या बाजूकडे बघा.

मागची बाजू बोलते

पाकिटावरचे हे शब्द वाटेल तसे वापरता येत नाहीत. त्यांना नियम आहेत. ‘शुगर-फ्री’ म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम. ‘लो शुगर’ म्हणायचं तर घन पदार्थात १०० ग्रॅमला ५ ग्रॅमपर्यंत. आणि ‘लो कॅलरी’ हा किताब हवा असेल, तर १०० ग्रॅममध्ये फक्त ४० कॅलरीज! या शेवटच्या कसोटीवर कुठली बर्फी पास होईल? एकही नाही. ४० कॅलरीजच्या जवळपास जाणारी गोड गोष्ट म्हणजे ताजं फळ. म्हणून कुणी ‘लो-कॅल मिठाई’ म्हणालं, की गोड हसा आणि डबा उलटा करा.

तिथे आणखी एक नाव भेटेल, माल्टिटॉल. शुगर-फ्री चॉकलेट्समध्ये हे बरंच वापरतात. त्यात साखरेच्या साधारण निम्म्या कॅलरीज असतात, म्हणजे शून्य नव्हेत. आणि जास्त खाल्लं तर पोट चांगलंच गुरगुरतं. महत्त्वाच्या प्रेझेंटेशनआधी अख्खा बार संपवायचा विचार असेल, तर पुन्हा विचार करा!

गोळी, डाएट कोला आणि समोसा

‘मी तर चहात गोळी टाकते, प्रॉब्लेमच नाही.’ छान. पण जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३मध्ये सांगितलं, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेच्या स्वीटनर्सवर भिस्त ठेवू नका, लांब पल्ल्यात त्यांचा फायदा दिसत नाही. (ज्यांना आधीपासून डायबिटीस आहे, त्यांना ही शिफारस लागू नाही.) त्याच वर्षी जुलैमध्ये अस्पार्टेम ‘कॅन्सरची शक्यता’ असलेल्या गटात टाकल्याची बातमी आली आणि सगळे हादरले. पण रोजची मर्यादा आधी होती तीच राहिली. शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. म्हणजे एखाद्या गोळीने लगेच आभाळ कोसळत नाही. पण गोळीमुळे वजन उतरेल, ही आशाही सोडा.

आणि आपल्या मनाचं लॉजिक माहीत आहे ना? डाएट कोला घेतला म्हणजे समोसा फ्री! कोल्यात वाचवलेल्या कॅलरीज समोशात व्याजासकट परत.

खरी सेव्हिंग चहात आहे. आयटी पार्कजवळच्या टपरीवर दिवसातून चार चहा होत असतील आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल, तर झाले आठ चमचे. म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरीज. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली राहा म्हणते, आणि जमलं तर २५च्या. (हा हिशेब दिवसाला २००० कॅलरीज खाणाऱ्यासाठी.) बर्थ-डेचा केक कापायच्या आधीच आपण चहात बुडालेले असतो! दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. महिन्याभरात जिभेला एका चमच्याची सवय होते, आणि मग जुना चहाच पाकासारखा लागतो.

गूळ-मध-खजूर गँग

‘आम्ही साखर बंद केली, आता फक्त गूळ!’ हे वाक्य सध्या भलतंच फॅशनमध्ये आहे. गूळ चवीला सुंदर, प्रश्नच नाही. पण १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरीज, तर गुळात ३८०च्या आसपास. मधात ३००च्या वर, आणि खजुरात पावणेतीनशेच्या पुढे. खजुरात निदान फायबर तरी आहे. पण ‘नॅचरल’ आहे म्हणून खजुराचे सहा लाडू खाल्ले, तर वजनकाटा काही नॅचरली खाली येणार नाही.

पुरणपोळीचंही तसंच. आपल्या विदर्भात पोळीवर तूप वाढत नाहीत, पोळी तुपात बुडवतात. एक छोटा चमचा तूप ४५ कॅलरीजचा. वाटीभर, म्हणजे ५० ग्रॅम तूप साडेचारशेचं! सणाला आईच्या हातची पोळी नाकारणं हा गुन्हा आहे, तो करू नका. पोळी खा, मनापासून खा. तूप वाटीऐवजी चमच्याने घ्या, आणि त्या जेवणात भात-भजी थोडी बाजूला सारा. आई रागावेल, पण दुसरी पोळी मागितली नाही म्हणून. पहिली चवीने खाल्लीत, हे तिला दिसतंच.

आपल्याकडे संत्रं आहे, राव!

लो-कॅल गोडासाठी जगभर शोधाशोध चाललीय, आणि आपण ते हातगाडीवरून डझनाने घेतो. नागपुरी संत्र्याला २०१४ साली जीआय टॅग मिळाला. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्थाही अमरावती रोडवर आपल्याच गावात आहे. आंबिया बहाराची संत्री थंडीच्या तोंडावर येतात, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. म्हणजे वर्षातले कितीतरी महिने आपली सोय झालेली असते. एका मध्यम संत्र्यात ५०-६० कॅलरीज, वर फायबर आणि व्हिटॅमिन सी. सोलायला दोन मिनिटं लागतात, हाही फायदाच. तोंड चालतं, मन भरतं.

पण संत्रं खायचं, प्यायचं नाही. एक ग्लास ज्यूसला तीन-चार संत्री लागतात. फायबर बरंचसं चोथ्यात जातं आणि साखर एका घोटात पोटात. अख्ख्या फळातली साखर त्या २५-५० ग्रॅमच्या हिशेबात धरत नाहीत, ज्यूसमधली मात्र धरतात. उन्हाळ्यातल्या उसाच्या रसाचंही तेच. एका मोठ्या ग्लासात साधारण ३० ग्रॅम साखर असते. हाफ घ्या, मित्रासोबत वाटून घ्या.

आणि संत्रा बर्फी? ती संत्र्याची बहीण असली, तरी खवा-साखरेच्या घरात वाढलेली! पाहुण्यांना स्टेशनवर डबा द्या, स्वतः एक तुकडा घ्या. फळ खाल्ल्याचं समाधान तेवढं मानू नका.

ट्राय करा : वीकएण्डची संत्रा खीर

अर्धा लिटर टोण्ड दूध आटवून थोडं दाट करा. दोन छोटे चमचे साखर आणि वेलची घाला. आता सगळ्यात महत्त्वाचं, दूध पूर्ण गार होऊ द्या. फ्रिजमध्ये ठेवलंत तर बेस्ट. दोन संत्र्यांच्या फोडी सोलून, बिया काढून, वाढायच्या वेळी घाला. गरम दुधात टाकल्यात, तर खीर नाही, पनीर मिळेल! चार वाट्या होतात, एका वाटीत सुमारे ११० कॅलरीज. संत्र्याचा सीझन नसेल, तर पपई किंवा सफरचंद आहेच.

ऑफिससाठी पाच टिप्स

• बर्थ-डेला डबा फिरवण्याआधी पीस अर्धे कापा. कुणालाच कमी पडत नाहीत.
• गोड जेवणानंतर लगेच खा. चार वाजता रिकाम्या पोटी डबा समोर आला, की एकावर कुणीच थांबत नाही.
• मिठाई ड्रॉवरमध्ये ठेवू नका. हाताशी आलेलं पोटात जातंच.
• खाताना स्क्रीन बंद. मेल वाचता वाचता खाल्लेला पेढा आठवतसुद्धा नाही, मग दुसरा लागतो.
• ‘चालून जिरवीन’ म्हणताना लक्षात ठेवा, फुटाळ्यावर अर्धा तास झपझप चाललात तर सव्वाशे-दीडशे कॅलरीज जळतात. म्हणजे मघाच्या कतलीचे तीन छोटे तुकडे! चाला जरूर, पण पेढ्याची वसुली म्हणून नको.

गिल्ट नको, गणित हवं

गोड सोडणारे आपण पाहिलेत. पंधरा दिवस साखर बंद, सोळाव्या दिवशी अख्खा केक, सतराव्या दिवशी स्वतःवर राग आणि अठराव्या दिवशी नवं डाएट. या चक्रात वजन जेमतेम हलतं. जेवणाचा आनंद मात्र पार जातो, आणि घरचे, मित्र सगळे ‘हा काही खात नाही’ म्हणून बोलावणंच कमी करतात. गोड आपल्याकडे नुसतं खाणं नसतं. प्रमोशनचा पेढा, संक्रांतीचा तिळगूळ, पाहुणा आला की शिरा. ते नाकारताना समोरच्या माणसालाही थोडं नाकारल्यासारखं होतं. आणि शुगर-फ्रीच्या नावाखाली चार-चार रिचवले, तर फसवणूक आपलीच.

कॅण्टीनमधला तो बोर्ड तरी दुसरं काय सांगतो? जिलेबी खाऊ नका, असं नाही. ती किती आहे तेवढं बघा. मग एक खा, खरी खा, आवडीची खा, आणि कुणासोबत तरी वाटून खा.

पुढच्या वेळी डेस्कपाशी डबा आला आणि कुणी म्हणालं ‘शुगर-फ्री आहे, घे ना बे’, तर बिनधास्त हात पुढे करा. फक्त एवढंच विचारा, ‘साधी नाही का? मग अर्धीच दे!’